आधी हात कोण वर करीन

लुनाले कोणी हात दाखवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी विमल, घाटंजी रस्त्यावरच्या आमच्या गावात उपकेंद्राची नर्स. आजूबाजूची गावं फिरा लागते म्हणून लुना घेतली. चढ आला का पायडल मारा, उतार आला का देवाचं नाव घ्या. एक बैलगाडीवाला मागून हाक मारे, "नर्सबाई, लोटू का?" त्याले म्या एकदा इंजेक्शनची सुई दाखवली, तवापासून चूप आहे.

त्या रस्त्यावर गाड्याईलेही जात होती बापा. समोरून बुलेट आली का बुलेटवाला डावा हात उचले, पण फक्त बुलेटवाल्याले. दूधवाले सारे राजदूतवर, ते आपसात हात करत. हिरो होंडावाले एकमेकाले लाईट मारत. लुनाले? लुनावर तर कुत्रंबी भुंकायचा कंटाळा करे. मी मनातल्या मनात साऱ्याईले शिव्या देत जाय.

माहा भाऊ गोपाल राजदूतवर. माय गेली तवा तो पाळण्यात होता. म्याच वाढवला, म्याच शाळेत घातला, त्याच्यापायी लग्नबी केलं नाही. माहं म्हणायले या जगात ते एकच पोट्टं होतं. ते साल दोन हजार सहाचं. कापसाचा भाव असा पडला का वेचणीची मजुरी सुटेना. गावातले पोट्टे पारावर बसून, हाताले काम नाही आन् डोक्यात राग. गोपालनं बाबाची जुनी राजदूत काढली, दोन्ही बाजूले दुधाच्या क्यान बांधल्या आन् यवतमाळले दूध टाकू लागला.

यवतमाळचे पाच-सहा पोट्टे रविवारी सकाळी बुलेट घेऊन आमच्या रस्त्यावर येत. वकिलाचे, साहेबाचे, चांगल्या घरचे. त्याईचा म्होरक्या अनिकेत. बाप कमलाकरराव कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, अनिकेत एकुलता एक. दिसायले गोरागोमटा, बोलायले गोड.

गोपालले बुलेटचं लय वेड. एका रविवारी अनिकेत समोरून आला तर यानं मोठ्या हौसेनं हात वर केला. अनिकेतनं काय करावं? करंगळी दाखवली! तुही गाडी एवढीशी, म्हणून. मागचे सारे खिदळले. आमचा गोपाल का ऐकून घेते? त्यानं क्यानवरून डावा पाय लांब केला आन् चप्पल दाखवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतेत ते हेच.

ते बुलेटवाले तिथूनच पलटले. फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी त्याईनं गोपालले गाठलं. क्यान उलटवल्या, सारं दूध रस्त्यावर. अनिकेतनं हातातलं हेल्मेट घेतलं आन् गोपालच्या तोंडावर हाणलं, एकदा, मग पुन्हा. बाकीचे पोटात लाथा मारत होते. मी पोचली तवा गोपाल दुधात बसून आपले दात शोधत होता. समोरचे दोन गेले ते गेलेच. टपरीवाला म्हणे, "मी काय करू, नर्सबाई, माह्या गिऱ्हाईकात भांडण झालं." त्याच्या उकळत्या चहाच्या भांड्याले म्या लाथ मारली. आंगावर उडाला तर उडाला.

गोपालले म्या सांगतलं, "चूप बस. आपण गरीब माणसं, त्याईचे बाप मोठे." तो कायले बसते! त्याचा दोस्त दिवाकर, तोही राजदूतवाला, पक्का तापट. दोघाईनं घाटंजीच्या बाजारात त्या टोळीतला चारुदत्त हेरला. एकटा सापडला, कांद्याच्या ढिगाजवळ. सायकलच्या चेननं हाणला. तो खाली पडला तरी हाणला. हात मोडला, कानाचा तुकडा लोंबला, बुलेटचा लाईट फोडला. लोकं कांदे वाचवत होते, पोट्ट्याले कोणी वाचवलं नाही.

मग त्याईची पाळी. दिवाकरले एकट्याले गाठला. अनिकेतची बुलेट चालूच होती. दोघाईनं त्याचं मनगट धरलं आन् उजवा पंजा तापलेल्या सायलेन्सरवर दाबून ठेवला. अनिकेत ॲक्सिलेटर पिळत होता, म्हणजे आरडणं ऐकू जाऊ नये. दिवाकर माह्याकडं आला तवा तळहाताची कातडी सुटली होती. म्या मलम लावलं, पट्टी बांधली. तो एवढा दांडगा पोट्टा, पट्टीतला पंजा दुसऱ्या हातावर तोलून बसला. म्हणे, "विमलताई, या हातानं मले आता बैलबी बांधता येणार नाही." मले इतका राग आला का वाटलं, आपणच जावं आन् एकेकाले कुटावं.

पोलिसात कोणीच गेलं नाही. त्याईची इज्जत जाय, आन् आमच्या पोट्ट्याईले ठाण्याची भीती.

आन् पुढच्याच आठवड्यात तो अनिकेत माह्या उपकेंद्राच्या दारात उभा! भुवई फाटलेली, सारं तोंड रक्तानं भरलेलं. गोपालनंच कापसाच्या पऱ्हाटीत लपून दगड मारला होता. यवतमाळपर्यंत डोळ्यात रक्त घेऊन गाडी चालवता येईना, म्हणून आला बिचारा सापाच्या बिळात.

म्या म्हटलं, "मी गोपालची बहीण आहो. माहीत आहे काय?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "टाके घालणार की नाही, एवढंच सांगा."

घातले. आमच्याकडं भुलीचं औषध संपलं होतं, म्या त्याले सांगतलं नाही. दात आवळून बसला, पण आवाज काढला नाही. म्या बोलून घेतलं, "त्या दिवाकरचा हात भाजला तुम्ही. माय-बापानं हेच शिकवलं काय रे?" त्यानं बाहीनं गालावरचं रक्त पुसलं. मग म्हणे, "मलाही आता झोप लागत नाही. पण माघार कशी घेऊ? मित्र तोंडावर थुंकतील. गोपालला सांगा, शर्यत लावू. तो आणि मी, दोघंच. हरेल त्यानं जन्मभर आधी हात वर करायचा. मग भांडण संपलं."

"तुम्ही लोकं हात वर करासाठी मरून राह्यले काय?" मी आरडली.

तो हासला तर टाका ताणला, मग कळवळला. जाताना लुनापाशी थांबला आन् म्हणाला, "तुमची गाडी बरी आहे, ताई. हिच्याशी कोणी भांडत नाही." सिस्टर नाही म्हणाला, नर्सबाई नाही. ताई म्हणाला.

रात्री जेवताना म्या गोपालले सारं सांगतलं. ताई म्हणाला हेही सांगतलं. गोपाल ताटावरून उठला. "ताई म्हणाला? मंग बांध त्याले राखी! तुले भाऊ किती पायजेत?" मी म्हटलं, "ज्यानं ताई म्हटलं तो भाऊच असते, लेका. शर्यत लाव आन् मिटव एकदाचं." माह्या मनावरचं ओझं उतरलं होतं. हरला तर हरला, हात वर करायले काय जाते?

येता रविवार ठरला. फाट्यापासून मारोतीच्या देवळापर्यंत, सकाळी, रस्ता मोकळा असताना. गोपालनं राजदूतच्या क्यान काढल्या, क्यारिअर काढलं, मडगार्डसुद्धा काढलं. गाव हासलं. राजदूत का बुलेटच्या पुढं जाते? खुद्द दिवाकर म्हणे, "गोप्या, तू मागं-मागं रायजो, हौस फेडून घे."

त्याच रविवारी पोलिओचा डोस होता. लसीचा निळा डबा, आत बर्फाचे पॅक ठासून भरलेले, पट्ट्यानं खांद्याले अडकवला आन् मी देवळाकडून फाट्याकडं निघाली. मनात म्हटलं, रस्त्यात दोघं दिसतीन तर दुरूनच एकेक शिवी देऊ.

नाल्याच्या पुलावर आली तर समोर हवेत दवाचे थेंब लटकलेले. मी ब्रेक दाबला. लुना हळू म्हणून बरं. गळ्याले काहीतरी थंड लागलं. तार होती. या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत, छातीच्या उंचीवर, कुंपणाची जाडी तार, ताणून बांधलेली.

तुरीतून दिवाकर उठला. डाव्या हातात पक्कड, उजव्याले पट्टी, माहीच बांधलेली.

"विमलताई, बाजूले व्हा. तुम्ही काही पाह्यलं नाही."

"काट ते! काट आधी! गोपाल येऊन राह्यला ना रे!"

"गोपाल मागं आहे. बुलेट पुढं राहीन. बुलेट पडली का गोपाल थांबतेच." त्यानं पट्टीवाला हात माह्या तोंडापुढं धरला. "हे पाहा. हे त्यानं केलं. आता त्याचं त्यानं भोगावं."

म्या त्याच्या कानाखाली वाजवली. पक्कड ओढाले गेली तर त्यानं मले ढकललं, मी पडली, आन् तो तुरीत पळाला. मी तारेचा पीळ हातानं उलगडू लागली. दिवाकरनं असा पीळ मारला होता का माही बोटं फाटली, तार हालली नाही. तेवढ्यात आवाज आला. बुलेटची धडधड आन् राजदूतची टरटर.

लुना तारेच्या अल्याड राह्यली. मी वाकून पल्याड गेली आन् आवाजाच्या दिशेनं पळत सुटली. रक्ताचे हात वर केले, दोन्ही. आरडत होती, "तार आहे! तार आहे!" दोन इंजिनाच्या आवाजात कोणाले ऐकू येते?

वळणावरून निघाले, आन् माहं काळीज फाटलं. गोपाल पुढं होता. रोजचा रस्ता, खड्डा न् खड्डा पाठ, राजदूतनं बुलेटले मागं टाकलं होतं. त्यानं मले पाह्यलं आन् हासला, ते दोन दात नसलेलं तोंड उघडून. त्याले वाटलं, ताई खुशीनं नाचून राह्यली. अनिकेतनंही पाह्यलं. त्यालेही तेच वाटलं राहीन. कोणीच गाडी कमी केली नाही.

खांद्याले निळा डबा होता. दुसरं काही नव्हतं. पट्टा धरला, गरकन फिरवला आन् गोपालच्या छातीवर फेकून मारला, जीव खाऊन. डबा हनुवटीवर लागला. हाड मोडल्याचा आवाज मले ऐकू आला. राजदूत आडवी झाली, गोपाल डांबरावर घासत माह्या पायापाशी येऊन पडला.

बुलेट बाजूनं सुटली. मी मागं वळली, आरडली. अनिकेतची मान मागं वळलेली होती, पडलेल्या गोपालकडं. त्यानं डावा हात वर केला. करंगळी नाही, पूरा पंजा. जिंकलो म्हणून केला का थांब, वापस येतो म्हणून केला, मले अजून समजलं नाही. समोर त्यानं पाह्यलंच नाही.

तार वाजली. बुलेट एकटीच पुढं गेली, पऱ्हाटीत शिरली आन् पडल्या-पडल्या धडधडत राह्यली.

मी अनिकेतपाशी पोचली तवा जीव होता. नरड्यावर दोन्ही हात दाबले, पदर कोंबला. रक्त माह्या बोटातून येतच होतं. त्याचे डोळे माह्यावर होते. भुवईवर माहे टाके तसेच होते, अजून काढायचे राह्यले होते. म्या म्हटलं, "थांब रे राजा, थांब." तो थांबला नाही. एवढं शिकून, एवढ्या बाया बाळंत करून, एक नरडं मले धरून ठेवता आलं नाही.

दिवाकर संध्याकाळी स्वतःच ठाण्यात गेला. अनिकेतच्या मायनं, शुभदाबाईनं, माहे हात धरून विचारलं, "त्याला त्रास झाला का?" मी खोटं बोलली. नाही म्हटलं.

गोपालचा जबडा तारेनं बांधला होता, पाय मोडलेला. यवतमाळच्या दवाखान्यात मी त्याच्या उशापाशी बसून राहे. तो बरेच दिवस बोलला नाही. मले वाटे, जबड्यानं बोलता येत नाही म्हणून. एका दुपारी दातातून, हळू बोलला.

"ताई. त्याले काहून नाही मारला डबा?"

मले वाटलं, डोकं फिरलं याचं. "अरे, डबा एकच होता! पुढं तू होता! आन् मी तुही बहीण आहो ना, लेका!"

त्याच्या डोळ्यातून पाणी उशीवर उतरत होतं.

"तूच म्हणली होती ना," तो म्हणाला, "ज्यानं ताई म्हटलं तो भाऊच असते."

मी उठली, त्याच्या सलाईनची बाटली पाह्यली, अजून बरीच बाकी होती, आन् पुन्हा बसली.