नळीबाबानं काढलेला कोंब

"उज्ज्वला, निघाला वं गोळा. हलकं वाटून राह्यलं."

बापूचा, माझ्या वडिलांचा, हा आवाज अकरा वर्षं माझ्या कानात आहे. नळीबाबानं त्याच्या पोटाला पितळी नळी लावून गोळा ओढला, आणि चार महिन्यांत बापू गेला.

आज तोच बाबा पुन्हा आमच्या बंजारा तांड्यावर आला होता. दारव्ह्याकडून जीप भरभरून माणसं आलेली. आणि बाजेवर, पोट उघडं टाकून, माझा भाऊ राजकुमार.

यवतमाळच्या डॉक्टरांनी त्याच्या घशातून दुर्बीण घालून मांसाचा कोंब दाखवला होता, जठराच्या पुढं, लहान आतड्याच्या सुरुवातीला. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. पण ठेवला तर होऊ शकतो, म्हणाले. दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून काढू, रक्त जाण्याची भीती असते म्हणून दोन दिवस भरती, मग ठरलेल्या वेळी पुन्हा तपासणी. राजकुमार भरतीलाच घाबरला आणि बाबापुढं येऊन झोपला.

"बाबाचं मौन आहे," चेला गर्दीला सांगत होता. "बाबाले लाइट लागत नाही, मशीन लागत नाही. कोंब सोताच नळीत चढते."

मी तांब्या भरून पुढं झाले. तांड्यात दारी आलेल्यानं पाणी नाकारणं म्हणजे घराचा अपमान. बाबानं तोंड मिटूनच मानेनं नाही म्हटलं.

"मौन बोलाचं असते महाराज, पाण्याचं नाही," मी म्हटलं.

तांड्याचे नायक खेमसिंग उठले. "पाणी पेत नसान तर नळी उचला अन् चालते व्हा."

बाबानं घोट घेतला. ठसका लागला. गालात दडवलेला कलेजीचा तुकडा राजकुमारच्या पोटावर पडला.

"नळी तर अजून लागलीच नाही," मी गर्दीला विचारलं, "मग हा आला कुठून?"

खेमसिंगांनी पोलिसांना फोन लावला. पोलीस येईपर्यंत मी बाबाला उन्हात उभं ठेवलं, तोंड उघडं ठेवायला लावून. दया आली नाही. खोटं कशाला बोलू? एवढंच सांगते, पोटातलं दुखणं पोटात पाहू शकणाऱ्यालाच दाखवा.

घरात याडी, माझी आई मोतीबाई, भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुह्या बापूच्या डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं, हे दुखणं घराण्यात उतरते, लेकरायचीबी दुर्बीण करा. बाबा म्हणे, बोलशीन तर गोळा लेकरायच्या पोटात येईन. मी बोललीच नाही, बाई. तुहीबी तपासणी राह्यली."