शेजाऱ्यांकडील चौकशी

घरात तिला मोजपट्टी म्हणत. हे नाव दादाने ठेवले होते. लहानपणी दोघांच्या सामायिक खोलीत तिने खडूने रेघ ओढून वाटणी केली होती, आणि रेघ दोन बोटे दादाच्या हद्दीत गेली आहे असे आढळल्यावर स्वतःहून पुसून नवी ओढली होती. दादाला त्या दोन बोटांचे काहीच नव्हते. तिला होते.

भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती नव्या शहरात आली, ती कर्ज देणाऱ्या एका कंपनीत अर्जांची छाननी करण्याच्या नोकरीसाठी. अणूंऐवजी आता माणसे तपासायची, एवढाच फरक, असे तिने घरी सांगितले, आणि ते गमतीने म्हटले आहे असा सगळ्यांनी समज करून घेतला. निघताना आईने एकच गोष्ट बजावली: परक्या ठिकाणी राहायचे, तर आपला कुणाला त्रास होता कामा नये.

इतर कुणी हा सल्ला मान डोलावून विसरून गेले असते. तिने तो अमलात आणला. तिसऱ्या मजल्यावर भाड्याने घेतलेल्या खोलीत खुर्चीच्या पायांना तिने जाड कापडाच्या चकत्या चिकटवल्या. दार ओढताना किल्ली फिरवून धरली की कुलपाची जीभ वाजत नाही, हे तिने दुसऱ्याच दिवशी शोधून काढले. नळ ती करंगळीएवढ्या धारेवर ठेवी. जिन्यात कुणाची चाहूल लागली, तर समोरच्याला उगाच बोलावे लागू नये म्हणून ती आत थांबे आणि पावले विरली की निघे.

भिंतीपलीकडे एक बाई राहत. त्या गाडी चालवायला शिकवीत. हे त्यांनी सांगितले नव्हते; दोघींची भेटच झाली नव्हती. पण शिकाऊ मुलांच्या वडिलांना त्या फोनवर जे सुनावीत, त्यावरून अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नव्हती. पहाटे त्या एक जुने गाणे म्हणत, आणि त्याची दुसरी ओळ दररोज स्वराच्या थोडी खाली उतरे. संध्याकाळी धाकट्या बहिणीशी फोनवर कडाक्याचे भांडण होई आणि ‘जेवून घे वेळेवर’ या वाक्याने ते संपे. आवाजाला भिंतीची एक बाजू दुसरीपेक्षा प्रिय नसते, हे तिला शास्त्र म्हणून ठाऊक होते. तरी या भिंतीतून आवाज एकाच दिशेने येई, कारण दुसरीकडून तो निघतच नव्हता.

कचेरीत तिचे बस्तान लवकर बसले. अर्जदार खरोखर दिलेल्या पत्त्यावर राहतो का, हे पाहायला कंपनीचा माणूस जाऊन शेजाऱ्यांना विचारीत असे. जुने अर्ज चाळताना तिच्या लक्षात आले, की ज्यांना शेजारी ओळखत नाहीत, त्यांची कर्जे इतरांपेक्षा बऱ्याच जास्त प्रमाणात बुडतात. अशा अर्जांवर फेरविचारात वेळ घालवू नये, ते सरळ नाकारावेत, असे टिपण तिने लिहिले. भाडेकराराची कागदपत्रे कुणीही करून आणतो, असेही त्यात होते. विभागप्रमुखांनी ते सगळ्यांना वाचायला दिले. शेजारच्या टेबलावरचे, वयाच्या तिशीतच केस पिकल्यामुळे काका ठरलेले सहकारी म्हणाले, “अहो, आल्या आल्या आमची अब्रू काढू नका.” ती चार दिवस मनातल्या मनात फुलून गेली.

नंतरच्या सोमवारी तिला मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी बोलावले. नोकरीत कायम करण्यापूर्वी कर्मचाऱ्यांचीही तीच पडताळणी होत असे.

“तुम्ही दिलेल्या पत्त्यावर राहता ना?”

“राहते.”

“शेजारीण म्हणते, ती खोली रिकामी आहे.”

तिने भाडेकरार पुढे केला. अधिकारी बाईंनी तो उलटसुद्धा केला नाही. “करार कुणीही करून आणतो. हे तुमच्याच टिपणातलं आहे.” त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, त्यांना ते टिपण खरोखरच पटले होते. शुक्रवारी माणूस पुन्हा येईल. ती तिथे निदान महिनाभर राहते आहे असे एका तरी शेजाऱ्याने सांगायला हवे. नाही सांगितले, तर नेमणूक पुढे चालणार नाही. नियम सर्वांना सारखा.

तिला वाद घालता आला असता. शेजारी ओळखत नाहीत ते प्रामुख्याने नव्याने आलेल्यांना. नव्याने आलेल्याचा जम बसलेला नसतो. म्हणजे कर्ज बुडण्याचे कारण भलतेच असू शकते. टिपणातली ही चूक तिला अधिकाऱ्यांच्या खोलीतून बाहेर पडून पाण्याच्या नळापाशी पोहोचेपर्यंत दिसली. पण जी चूक आपल्यावर शेकल्यावर दिसली, तिचा आधार आपल्याच बचावासाठी कसा घ्यायचा, हे तिला उमजेना.

फोनवर आईला मात्र आनंद झाला. कुणाला कळलेसुद्धा नाही म्हणजे किती चांगली राहिली असेल पोर. दादाने फोन हिसकावून घेतला. “मोजपट्टे, तू अस्तित्वातच नाहीस म्हणे. मग तुझ्या वाटणीची अर्धी खोली मी घेतो.”

त्या संध्याकाळी तिने शेजारचे दार वाजवले. बाई उंच, पन्नाशी उलटलेल्या, आणि डावा पाय जपून टाकणाऱ्या होत्या. तिने ‘काकू’ म्हणून सुरुवात केली.

“काकू नको. मला पुतणे नाहीत. बाई म्हण, सगळे म्हणतात.”

तिने सगळी हकीकत क्रमाने सांगितली. बाईंनी ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकली.

“म्हणजे मी काय सांगायचं?”

“की तुम्ही मला ओळखता.”

“ओळखते का?”

“नाही.”

“मग? सख्ख्या भाच्याला मी तीन वेळा परत पाठवलाय, गाडी मागे घेता येत नाही म्हणून. तुझ्यासाठी खोटं बोलू?” पण दार त्यांनी लावले नाही. “शुक्रवारपर्यंत वेळ आहे. ओळख करून द्यायची असेल, तर येत जा.”

ती जाऊ लागली. त्या संध्याकाळी आणि मंगळवारी तिने स्वतःची माहिती दिली: शिक्षण, गुण, वडिलांचा व्यवसाय, दादाचे दुकान. बाई चहा पीत ऐकत आणि मधेच विषय सोडून भलतेच विचारत. शेवटचे कधी भांडलीस? खोटे कधी बोललीस? तिला सांगण्यासारखे काही आठवत नसे. बुधवारी बाईंचा धीर सुटला.

“अगं, हे सगळं पाठ करून कुणीही म्हणून दाखवेल. इतके आठवडे तू भिंतीपलीकडे आहेस म्हणतेस, आणि माझा एकदाही वैताग आला नाही? तू शेजारीण आहेस का कपाट?”

तेव्हा ती बोलली. वैताग येतो, म्हणाली. पहाटेचे गाणे सहन होत नाही. दुसरी ओळ रोज पडते, आणि ती पडणार म्हणून आपण उशी कानावर दाबून वाट बघत बसतो. बहिणीची बाजू बहुतेक वेळा बरोबर असते. आणि शब्द तोंडातून गेल्यावर परत घेता येत नाहीत, हे ठाऊक असूनही ती पुढे गेली: “आणि त्या रविवारी तुम्ही पडलात, तेव्हा मी ऐकत होते.”

बाईंनी कप खाली ठेवला. “कुठल्या रविवारी?”

“मी आल्यावर थोड्याच दिवसांनी. दुपारी. आधी बादली कलंडली, मग तुम्ही. तुम्ही ‘आई गं’ म्हणालात, दोनदा. नंतर सरकत खोलीत आलात आणि बहिणीला फोन लावलात. तो तिनं उचलला नाही.”

“आणि तू?”

“दाराशी उभी होते. किल्ली हातात होती.”

“मग?”

“ओळख नसताना कसं जायचं, असं वाटलं. म्हणून ऐकत राहिले.” पुढचे तिने स्वतःलाही आजवर इतक्या स्पष्टपणे सांगितले नव्हते. आवाज खणखणीत आहे, म्हणजे डोक्याला लागलेले नाही. हालचाल आहे, म्हणजे हाड मोडलेले नाही. अशी तिने एकेक नोंद मनात केली होती. निष्कर्ष अचूक होता. दार उघडण्याऐवजी तिने तो काढला होता.

बाई उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “जा आता तू.”

गुरुवारी ती गेली नाही. नोकरी गेली असे धरून तिने परतीच्या प्रवासाची चौकशी केली. दादाला कळवावे म्हणून फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. नोकरी का गेली हे सांगता आले असते, पण बुधवारचे सांगता आले नसते.

शुक्रवारी संध्याकाळी पडताळणीचा माणूस आला. मध्यमवयीन, हेल्मेट कोपरात अडकवलेला, तीन मजल्यांनी दमलेला. तिचे स्वतःचे म्हणणे नियमाने ग्राह्य नव्हते, म्हणून तिला बाजूला उभे करून त्याने शेजारचे दार वाजवले.

“यांना ओळखता का?”

“ओळखते,” बाई म्हणाल्या.

“कधीपासून?”

“सोमवारपासून.”

त्याने पेन उचलले. “मग नाही चालणार. महिना व्हायला हवा.”

“ओळख सोमवारची. राहते ती आधीपासून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगवेगळ्या लिहा.”

“पण मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, खोली रिकामी आहे.”

“चुकले होते.” बाईंनी भिंतीला हात टेकला. “महिना उलटून गेला, एका रविवारी मी मोरीत पडले. घरात एकटी होते. नंतरही कुणाला सांगितलं नाही, बहिणीलासुद्धा. सांगितलं असतं तर तिनं मला उचलून तिच्याकडे नेलं असतं. या मुलीनं बुधवारी ते सगळं मला सांगितलं. आधी काय वाजलं, मग काय वाजलं, मी काय बोलले. भिंतीपलीकडे कुणी नव्हतं, तर हे हिला कळलं कसं?”

माणसाने पेन कागदावर टेकवले. त्याला पुरावा पटला होता, पण त्यातली एक गोष्ट नको तितकी स्पष्ट दिसत होती. “मग तुम्हाला उठवायला कोण आलं?”

“कुणी नाही.”

त्याने तिच्याकडे पाहिले. तिने नजर खाली घेतली नाही. तेवढे तरी करावे असे तिला वाटले. मग त्याने ‘वास्तव्य’ या शब्दापुढे ‘होय’वर खूण केली. नोकरी राहिली, हे तिला त्या खुणेबरोबर कळले, आणि ज्या सुटकेची ती आठवडाभर वाट पाहत होती, ती तिला जाणवलीच नाही.

“शेवटचा प्रश्न. शेजारी म्हणून वागणूक कशी? चांगली, बरी, वाईट?”

“मला अजून माहीत नाही.”

“काहीतरी एक सांगावं लागतं हो.”

“माहीत नाही ते कसं सांगू? रिकामं ठेवा.”

तो कुरकुरत जिना उतरला. दोघी आपापल्या दारापाशी उभ्या राहिल्या. मग बाई म्हणाल्या, “त्या दिवशी दाराला आतून कडी होती. तू आली असतीस, तरी आत येता आलं नसतं.”

सुटायला एवढी जागा पुरेशी होती. ती तिने नीट पाहिली.

“ते मला तेव्हा माहीत नव्हतं,” ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. पटल्याची की नुसतीच, हे सांगता येण्यासारखे नव्हते. आत जाऊन त्यांनी पर्स आणली आणि दाराला कुलूप लावले.

“गुडघा अजून दुखतो. डॉक्टर आठला दवाखाना बंद करतो, आणि जिना उतरताना आधार लागतो.”

हा प्रश्न नव्हता. तिने बाईंचा डावा दंड धरला.

“तिकडून नाही. तिकडे कठडा आहे,” बाई शिकाऊ मुलांशी बोलायच्या आवाजात म्हणाल्या. “उजवीकडून धर. आणि मी सांगितल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.”

ती उजवीकडे आली, आणि सांगण्याची वाट पाहत थांबली.