न फाटणारा तंबू

मित्रांनो, ओळख करून देताना एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी एक जुना तंबू आहे आणि मला माझा फार गर्व होता. होता म्हणतो, कारण आता माझ्या पाठीत हातभर लांबीची भेग आहे आणि तिच्यातून वारा खुशाल ये-जा करतो.

माझा जन्म चेक देशात, मोरावियातल्या एका लहान गावात, आलोइस आजोबांच्या स्वयंपाकघरात झाला. मालमोटारींवर घालायच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारखान्यात ते कामाला होते. डाग पडलेले, उरलेले तुकडे कामगारांना घरी नेता येत. त्या तुकड्यांतून त्यांनी मला एका हिवाळ्यात शिवले. जाड सुई हजारो वेळा माझ्या अंगातून आरपार गेली. एकदा ती आजोबांच्या अंगठ्यातही घुसली आणि त्यांच्या रक्ताचा डाग माझ्या छताला लागला. भिंती, छत आणि तळ असे सगळे त्यांनी एकसंध जोडले; मागच्या भिंतीत फक्त तळहाताएवढी जाळीची खिडकी. प्रत्येक शिवण दुहेरी, दोऱ्याला मेण. काम संपल्यावर त्यांनी सहा वर्षांच्या ओताकारला, म्हणजे आपल्या मुलाला, माझ्यावर दोन्ही पायांनी उड्या मारायला लावल्या.

"मार अजून! फाटला तर माझं नाव बदल."

मी फाटलो नाही. पुढची अनेक वर्षे मी हेच करत आलो.

हंगेरीतल्या एका तळ्याकाठी गारा अशा बरसल्या की शेजारच्या तंबूंची चाळण झाली. त्यातली माणसे रडत माझ्यात शिरली. स्लोव्हाकियाच्या जंगलात रानडुकराने मला धडक दिली, सुळे घासले आणि कंटाळून ते निघून गेले. बल्गेरियाच्या किनाऱ्यावर एका झाडाच्या सावलीवरून दोन कुटुंबांत जुंपली. खुंट्या ठोकायचे हातोडे एकमेकांच्या डोक्यांवर उठले. तरुण ओताकारच्या कपाळाला खोक पडली आणि समोरच्या माणसाचे मनगट मोडले. त्या गोंधळात कोणीतरी माझ्यात शिरून आमचे सगळे बूट पळवले. आजोबा घरापर्यंत अनवाणी आले. त्या दिवसापासून ते माझ्या दाराच्या दोन चेनी एकत्र आणून त्यांत पितळी कुलूप घालू लागले. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात.

"कापडाच्या घराला कुलूप!" लोक हसत.

"हसा. तुमचे बूट कुठं आहेत ते आधी बघा," आजोबा म्हणत.

मलाही ते कुलूप दागिन्यासारखे वाटे. आता सांगायला लाज वाटते, पण वाटे.

पुढे ओताकारचे लिबुशेशी लग्न झाले. त्यांना क्वेता झाली. आता पश्चिमेकडच्या सरहद्दीही खुल्या झाल्या होत्या. कुठल्या सहलवाल्या मंडळींबरोबर जायचे नाही, आपली गाडी, आपला नकाशा, आपले जेवण, असा या घराचा खाक्या. क्वेता आठ वर्षांची असताना, अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात, सगळे क्रोएशियाच्या समुद्राकडे निघाले. मी गाडीच्या टपावर. आत डब्यांत तळलेल्या मांसाच्या वड्या, बरण्यांत काकड्या, पोत्यात घरचे बटाटे. वाटेत रस्ता चुकला. एका वळणावर गाडी खड्ड्यात गेली आणि काकड्यांच्या दोन बरण्या फुटून सगळ्यांचे कपडे आंबट झाले. ओताकार आणि आजोबा नकाशावरून असे भांडले की नकाशाचे दोन तुकडे झाले. दक्षिणेकडचा तुकडा आजोबांच्या हातात राहिला आणि ते विजयी मुद्रेने पुढच्या सीटवर बसले.

पण शेवटच्या घाटावरून खाली समुद्र दिसला, तेव्हा क्वेताने तोंडावर हात ठेवला.

"आजोबा, हे सगळं पाणीच आहे?"

"नाही, निम्मं मी काल ओतलंय," आजोबा म्हणाले, आणि डोळे पुसू लागले. बल्गेरियाचा समुद्र त्यांनी पाहिला होता, पण इतका निळा कधीच नाही. मित्रांनो, टपावर बांधलेल्या मलाही त्या क्षणी सगळ्या वाटेचे धक्के विसरायला झाले.

वेलेबित डोंगराच्या पायथ्याशी, किनाऱ्यावरच्या खडकाळ जागेत मला उभारले. जागेची मालकीण तोन्का. तिची मान कायम त्या डोंगराकडे वळलेली. आमच्याकडच्या मऊ मातीत लोण्यात जाव्या तशा जाणाऱ्या माझ्या खुंट्या इथे खडकावर वाकल्या. तेव्हा ओताकारने माझे मागचे दोन मोठे दोर गाडीच्या आकड्याला बांधले आणि बाकीच्यांवर धोंडे ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोन्का आली. डोंगरमाथ्यावर पांढऱ्या ढगाची पट्टी बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "त्यानं टोपी घातलीय. तंबू उतरवा. बुरा सुटणार."

"बुरा म्हणजे?" लिबुशेने विचारले.

"वारा. डोंगरावरून खाली येतो आणि हाताला लागेल ते समुद्रात ढकलतो."

ओताकारने वर पाहिले. निळेभोर आकाश. आमच्याकडे वादळ येते ते काळे होऊन, गडगडत, आधी निरोप पाठवून. "एवढ्या उन्हात कसलं वादळ? आणि आमचा तंबू काय चीज आहे ते तुम्हाला माहीत नाही," तो म्हणाला.

"तुमच्यासारखे दर वर्षी येतात," तोन्का म्हणाली आणि आपल्या खुर्च्या गोळा करायला गेली.

आदल्या दिवशीच्या उन्हाने क्वेताची पाठ भाजून लाल झाली होती. दुपारी लिबुशेने तिच्या पाठीवर दही थापले आणि तिला माझ्यात झोपवले. मग ती आणि ओताकार गाडी घेऊन गावात पाव आणायला निघाले. जाण्यासाठी माझे दोर गाडीवरून सोडावे लागले. ओताकारने त्यांवर दोन धोंडे ठेवले.

"बाबा, तिच्याजवळ बसा हं," लिबुशे म्हणाली.

"बसलोच आहे."

आणि ते बसलेही. पण बियरच्या बाटल्या तापत होत्या. खाली तीस पावलांवर गार समुद्र. आजोबांनी झोपलेल्या नातीकडे पाहिले, आजूबाजूच्या अनोळखी तंबूंकडे पाहिले. "दोनच मिनिटं," असे ते पुटपुटले. त्यांनी चेन ओढली आणि कुलूप लावले.

पहिला झपाटा आला तो कानशिलात बसावी तसा. आजोबांच्या हातातल्या बाटल्या खडकावर फुटल्या. दुसऱ्या झपाट्यात शेजारचे दोन तंबू उडाले, एक तवा भिरभिरत आला आणि एका माणसाच्या गुडघ्यावर बसला. तो किंचाळत खाली पडला. माझे धोंडे घरंगळले. वारा माझ्या तळाखाली शिरला आणि त्याने मला उचलले. आत क्वेता होती.

मित्रांनो, साधा तंबू असता तर तिथेच चिंध्या होऊन गेला असता आणि मुलगी जमिनीवर राहिली असती. मी फाटलो नाही. मी शिडासारखा फुगलो आणि तिला घेऊन समुद्राकडे गडगडत निघालो. माझ्या लोखंडी काठ्या आतून तिच्यावर आदळत होत्या. ती ओरडत होती, नखांनी मला ओरबाडत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली.

कड्याच्या टोकाला एका खुरट्या पाइनच्या खोडात माझा एक दोर अडकला. दार खाली खडकावर दाबले गेले. पुढे दोन पुरुष खोलीवर लाटा. दर झपाट्यासरशी तो दोर एकेक पीळ सोडत होता.

आजोबा रांगत पोहोचले. किल्ली गळ्यात होती, कुलूप माझ्या अंगाखाली. तेवढ्यात गाडी परतली. ओताकार पावाची सुरी घेऊन धावत आला, त्याच्यामागे लिबुशे.

"क्वेता कुठंय?"

"आत आहे! कुलूप..." आजोबांनी गळ्यातली किल्ली पुढे केली.

"कुलूप? पोरीला कुलपात ठेवलंत?" ओताकारने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. आजोबा पडले, त्यांच्या ओठातून रक्त आले. ओताकारने सुरी माझ्यात खुपसली. एकदा, दोनदा, तीनदा. भोके पडली, पण कापड फाटेना. आतून क्वेताची किंकाळी आली.

लिबुशेने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "ओता, थांब! ती कुठं आहे ते दिसत नाही. तिलाच लागेल!"

"मग काय बघत बसू?"

"सुरी मला दे," आजोबा म्हणाले.

ओताकारने पुन्हा हात उगारला. आजोबा त्या हाताखालून माझ्यावर आडवे झाले आणि बोटांनी माझी पाठ चाचपू लागले. "खिडकीखाली... शेवटच्या वितीला मेणाचा दोरा संपला होता. साधाच घातला, एकेरी. कुणाला सांगितलं नाही." सापडले! "क्वेता, बाळा, माझा आवाज येतोय? आवाजापासून लांब सरक!" त्यांनी सुरीचे टोक शिवणीत घातले आणि टाके उसवत नेले. जिथे सुरी अडली तिथे दातांनी ओढले. मी टरकन फाटलो. त्या आवाजाइतका गोड आवाज मी ऐकलेला नाही.

ओताकारने तिला खांद्याला धरून बाहेर ओढले, तिची चप्पल माझ्यात राहिली आणि दोर तुटला. मी खाली कपारीत जाऊन आदळलो.

क्वेताच्या गळ्याजवळचे हाड मोडले होते आणि डोक्याला टाके पडले. तोन्काने तिला स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे नेले. मग त्या सगळ्यांना तिने आपल्या घरी ठेवून घेतले, चार दिवस पावट्याचे कढण पाजले आणि एकदाही "मी सांगितलं होतं" म्हटले नाही. शेजारच्या जर्मन मंडळींनी कपारीतून मला आणि आमची भांडी वर काढली. त्या वाताहतीत या कुटुंबाला परक्या माणसांची जितकी माया मिळाली, तितकी आधीच्या सगळ्या प्रवासांत मिळाली नव्हती.

घरी परतताना दोन देश ओलांडेपर्यंत बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. ऑस्ट्रियातल्या एका पंपावर ओताकार एकाएकी म्हणाला, "बाबा, तुमचा दात..."

"तो तसाही हलत होता," आजोबा म्हणाले. "मी तिला कोंडलं, ओता."

"गाडी मी सोडवून नेली. त्या बाईचं मी ऐकलं नाही." मग ओताकार आपल्या बापाच्या खांद्यावर डोके ठेवून, सगळ्या पंपासमोर, हमसून रडला.

त्यानंतर मी शेडमध्ये पडून राहिलो. सरपणावर पांघरूण झालो, उंदरांनी माझे कोपरे खाल्ले. आजोबा गेले. मला कोणी शिवले नाही, आणि मीही कोणाला दोष दिला नाही.

या वर्षी क्वेता मला अंगणात घेऊन आली. तिला जुळ्या मुली आहेत आणि त्यांना समुद्र पाहायचा आहे. सुई तिने आजोबांचीच घेतली. कोपरे शिवले, भोके बुजवली. पाठीतल्या भेगेपाशी मात्र ती थांबली. ती शिवण्याऐवजी तिने दोन्ही काठांना नाड्या लावल्या, मग मुलींना माझ्यात बसवून ओरडली, "सोडा बघू गाठ! आतून! अजून जोरात!"

छोट्या बोटांनी गाठी सुटल्या आणि दोन डोकी बाहेर आली. तिने त्यांना परत आत पाठवले. असे तिने दहा वेळा करायला लावले.

मित्रांनो, आपल्या वस्तूंना जपा. त्यांना उंदरांच्या हवाली करू नका, हे तर कुठलीही जुनी वस्तू तुम्हाला सांगेल. माझी विनंती थोडी निराळी आहे. तुम्ही मोठे व्हाल, कोणावर तरी जिवापाड प्रेम कराल आणि त्याला काही होऊ नये म्हणून भक्कम भिंती उभाराल. जरूर उभारा. पण त्याला आतून उघडता येईल असे एक दार ठेवा, आणि ते उघडायला त्याला स्वतः शिकवा.