कच्च्या काठाची पट्टी

धक्क्याच्या टोकाचा दिवा गुरुवारपर्यंत लागला नाही, तर बंदर खात्याचा माणूस धक्का बंद करणार होता. फेरो बेटांमधल्या आमच्या चिमुकल्या बेटाला दुसरा धक्का नाही. धक्का गेला की माणसं-सामान ने-आण करणारी माझी होडी गेली, आणि होडी गेली की सगळ्यांनाच बेट सोडावं लागणार. दिव्याला सोलर होतं, पण डिसेंबरात आमच्याकडे सूर्य तोंड दाखवायलाही लाजतो. वारा मात्र हवा तेवढा.

म्हणून मी दोन खांबांमध्ये कापडाची पट्टी ताणली. ती थरथरली की तिच्यावरचं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यासमोर हलणार, दिव्यापुरती वीज होणार. पट्टी शिवली माझ्या बहिणीने, रान्वाने. चाळीस वर्षं शिडं शिवतेय ती. प्रत्येक शीड शिवून झालं की कोपऱ्यात लाल धाग्याने आपली खूण घालते, आणि त्या खुणेवर बोट ठेवायची कुणाची छाती नाही.

बुधवारी दुपारी वारा सुटला. पट्टी ढिम्म. मी वेटोळं दोनदा तपासलं, मग चिडून खांबाला लाथ घातली.

"खांबाने काय घोडं मारलंय तुझं, हानुस? सरक बाजूला." रान्वाने पट्टीच्या काठावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"काय गं?"

"माझंच चुकलं. काठ दुमडून आत दोरी घातलीय मी. हाताच्या सवयीने."

काठ फडफडला की शीड फाटतं. तो फडफडू द्यायचा नाही, हेच बाबांनी तिला सगळ्यात आधी शिकवलं होतं; आणि ही पट्टी तर फडफडायलाच हवी होती.

"मग दुसरी शिव."

"शिवायचं नाहीये, गाढवा. उसवायचंय."

तिथेच वाऱ्यात बसून तिने टाका न् टाका उसवला. ओठ घट्ट आवळलेले. मला तिची कीव आली, पण थांब म्हणायची सोय नव्हती.

"बाबांनी माझी बोटं ठेचली असती," ती म्हणाली. "हं, ताण आता."

मी ताणली. कच्च्या काठाचे धागे लोंबत होते. पट्टी आधी नुसती शहारली, मग गुणगुणायला लागली, आणि दिवा लागला. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बंदर खात्याच्या साहेबाने दिवा पाहिला, धक्का चालू ठेवायच्या कागदावर सही केली. जाता जाता लोंबते धागे बघून म्हणाला, "शिवण अर्धवटच राहिलीय की!"

रान्वा खांबाशी गुडघे टेकून बसली होती. पट्टीच्या बांधलेल्या टोकावर ती लाल धाग्याने आपली खूण घालत होती.

"नाही," मान वर न करता ती म्हणाली. "पुरी झालीय."