कलम पाचमधलं 'यथाशक्ती'

'निघालोय, पोचतोच,' असं फोनवर सांगताना आपल्यापैकी निम्मे लोक टॉवेलवर असतात आणि उरलेले पांघरुणात. हा रोग घरापुरता राहिला तर फार तर जेवण गार होतं. तो मंत्रालयात शिरला की काय होतं, त्याची ही गोष्ट.

संरक्षण मंत्रालयाच्या करार शाखेत एक मसुदेकार होते. कागद कसलाही असो, त्यात 'परंतु' घातल्याशिवाय त्यांचं पेन खाली बसत नसे, म्हणून शाखेत त्यांना परंतुसाहेब म्हणत. ही आपली मानद पदवी आहे अशी त्यांची समजूत होती.

पाच शेजारी देशांचा संरक्षण करार व्हायचा होता. एकावर हल्ला झाला तर बाकीच्यांनी धावून जायचं, एवढीच मूळ कल्पना. असे करार आधी दोनदा झाले होते. पहिला, सही आधी कुणी करायची यावरून मोडला. दुसरा चांगला अकरा वर्षं टिकला, कारण अकरा वर्षांत त्याची कुणाला गरज पडली नाही. गरज पडली त्याच आठवड्यात तो संपला.

आता तिसरा. सोमवारी सह्या. रविवारी सकाळी परंतुसाहेबांनी आपलं लाडकं कलम पाच आईला वाचून दाखवलं. आई पूर्वी सरहद्दीवरच्या बिनतारी केंद्रात नोकरीला होती. ती मटार सोलत बसली होती.

"'एका देशावर हल्ला झाल्यास इतर देश यथाशक्ती, यथावकाश व आवश्यक वाटल्यास मदतीस येतील, परंतु...'"

"पुढचं राहू दे," आई म्हणाली. "म्हणजे येणार की नाही?"

"तीच तर गंमत आहे, आई! येणारही आणि नाहीही. सचिवसाहेब म्हणाले, असं कलम आजवर पाहिलं नाही. माझं उपसचिवपद आता कुठे जात नाही."

"मी पाहिलंय. मागच्या करारातही 'यथाशक्ती' होतं." आईने हातातली शेंग तशीच ठेवली. "शेजारच्या देशात शत्रूच्या फौजा घुसल्या तेव्हा वायरलेसवर मी होते. त्या देशाच्या वायरलेसवर एक बाई होती. कधी भेटलो नाही, पण तिचा खोकला मला पाठ होता. ती विचारायची, 'ताई, कुठवर आलात?' आणि मला वरून हुकूम होता, 'निघालो आहोत' म्हणून सांगा. दोन दिवसांत नऊ वेळा सांगितलं. आपले ट्रक कुठे होते ठाऊक आहे? छावणीत. 'यथाशक्ती'चा अर्थ काय घ्यायचा, यावर बैठक चालू होती."

"मग?"

"त्यांच्या राजधानीबाहेर नदीवर एक पूल होता. आपला रस्ता आणि शत्रूचा रस्ता, दोन्ही त्याच पुलाला मिळायचे. तो उडवला असता तर शत्रू अडला असता. पण आपण येणार म्हणून त्यांनी तो ठेवला. तिसऱ्या दिवशी पुलावरून रणगाडे आले. आपले नव्हते. त्यानंतर खोकला ऐकू आला नाही."

परंतुसाहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"पण आई, ठाम लिहिलं तर उद्या खरंच जावं लागेल. आपलीच पोरं जातील."

"जातील. आपल्यावर आलं तर त्यांचीही येतील. तुला ते नको असेल तर सरळ 'येणार नाही' असं लिही ना! मी त्या बाईला 'नाही' म्हटलं असतं, तर त्यांनी पूल तरी उडवला असता."

परंतुसाहेब उठून टेबलाशी गेले. नोकरीत प्रथमच त्यांनी शब्द कमी केले. उरलं ते एवढंच: 'एका देशावर हल्ला झाल्यास इतर देश येतील. पहिली तुकडी बारा तासांत निघेल.'

सोमवारी सचिवांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "परंतु कुठे आहे?"

"काढला, साहेब."

"अहो, अशाने जावं लागेल आपल्याला!"

"हो साहेब. करार त्याचाच आहे."

"आणि तुमच्या बढतीचं काय, याचा विचार केलात?"

"काल दिवसभर केला, साहेब."

प्रकरण मंत्र्यांपुढे गेलं. त्यांनी कलम दोनदा वाचलं आणि सेनाप्रमुखांना विचारलं, "बारा तासांत निघता येईल?"

"आठ तासांत, साहेब," सेनाप्रमुख म्हणाले. "आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

मंत्र्यांनी बारा खोडून आठ केले.

दुपारी करार वाचला गेला. पुलाच्या देशाचे वृद्ध प्रतिनिधी कलम पाचपाशी थांबले, पान उलटून मागे आणखी काही लिहिलंय का ते पाहिलं आणि कोऱ्या पानावरून हात फिरवला. मग उभे राहिले. "आमची तुकडी सहा तासांत निघेल," ते म्हणाले. त्यावर बाकीच्या तिघांनाही घाईघाईने आपापल्या राजधानीला फोन करावे लागले. सगळ्यांत उशिरा निघणारा देश म्हणून नाव कुणालाच नको होतं. सह्या झाल्या तेव्हा सगळं दालन उभं होतं. आधी सही कुणी केली, हे विचाराल तर कुणालाही सांगता येणार नाही.

परंतुसाहेबांना बढती मिळाली नाही. सचिवांनी त्यांच्या फायलीवर 'विचार करता येईल. परंतु' एवढाच शेरा मारला. तो शेरा त्यांनी आईला वाचून दाखवला, तेव्हा ती कितीतरी वर्षांनी पोट धरून हसली.

तेव्हा मंडळी, शेजाऱ्याला शब्द देताना आधी घड्याळ बघावं. जाणार असू तर किती वाजता ते सांगावं, आणि जाणार नसू तर तेही त्याच आवाजात सांगावं. देश मोठा कशाने होतो यावर भाषणं पुष्कळ होतात. आमचं म्हणणं एवढंच, की ज्याने 'येतो' म्हटल्यावर शेजारी दुसऱ्या कुणाला विचारायला जात नाही, तो देश मोठा. परंतुसाहेबांचा देश त्या सोमवारी असा मोठा झाला. नकाशात अजून तशी दुरुस्ती झालेली नाही.