शेजारी गेलेला विस्तव

धोंडीबाई निर्दोष सुटली.

असा निकाल झालेला नाही. कोर्ट अजून भरलेलं नाही, न्यायाधीशांचा पत्ता कुणाला ठाऊक नाही आणि फिर्यादी सात वर्षांपूर्वीच वारला. तेव्हा पहिलं वाक्य आपण वाचलंच नाही असं धरून चालावं. मीही ते लिहिलेलं नाही.

माझं काम अर्ज लिहिण्याचं. शहापुरात तहसील कचेरीच्या कुंपणाला लागून माझं एक टेबल, एक टाइपरायटर आणि एक छत्री आहे. छत्रीला भोकं आहेत, म्हणून पावसात ती मिटून ठेवावी लागते. उत्पन्नाचा दाखला, म्हैस हरवल्याचा अर्ज, तीच म्हैस आपण होऊन घरी आल्याचा अर्ज, सगळं मी लिहितो. २००३ च्या डिसेंबरात धोंडीबाई टेबलापाशी आली तेव्हा मला वाटलं, हिचीही म्हैसच.

धोंडीबाई शेणव्याला फादरांच्या वसतिगृहात पोरांचा स्वयंपाक करते. त्याआधी वीस वर्षं ती खर्डीला मिनूशेट नावाच्या पारशी म्हाताऱ्याच्या बंगल्यावर कामाला होती. शेट एकटा, चिकूची झाडं चाळीस.

"साईनाथ, एक इचारू?" ती म्हणाली. "दोन मानसं. एकमेकाला वळखत नाय. दोघं एकच गोष्ट सांगतात. मंग ती खरी असते का रे?"

"मावशी, पंचनाम्याला पंच दोनच लागतात. दोघांचं जुळलं की खरी."

ती मटकन बाकड्यावर बसली. "मंग मेले मी."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मिनूशेट तिला सांगायचा की एक दिवस जग संपेल, मेलेले सगळे उठतील, आणि वितळलेल्या लोखंडाच्या नदीतून प्रत्येकाला चालावं लागेल. चांगल्या माणसाला ती नदी कोमट दुधासारखी लागेल. बाकीच्यांना लोखंडासारखी. हे ती विसरून गेली होती. परवा फादरांनी पोरांना सांगितलं की एक दिवस जग संपेल, मेलेले सगळे उठतील, वह्या उघडतील आणि ज्याचं त्याचं वाचून दाखवतील. धोंडीबाईच्या हातातून भाकरी तव्याबाहेर पडली.

"सगळ्यांम्होरं वाचतील रे. शेट पन असंल तिथं."

"मग असू दे. तू काय केलंस?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. तलाठ्यांची वाट बघणारे दोघे शेतकरी कान देऊन बसले होते, त्यांना मी पाणी प्यायला पाठवलं.

शेटच्या कोनाड्यात तेलाचा दिवा असायचा. तो विझू द्यायचा नाही, एवढं एकच काम शेटने तिला हात जोडून सांगितलं होतं. एकदा शेट डॉक्टरकडे मुंबईला गेला. धोंडीबाई बहिणीकडे धसईला गेली, एका दिवसात परत यायचं म्हणून. परतीची एसटी चुकली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर दिवा विझलेला. ती शेजारच्या गिरजाकडे धावली, तिच्या चुलीतला विस्तव गोवरीवर आणला आणि दिवा पेटवला. संध्याकाळी शेट आला, कोनाड्याकडे बघितलं आणि म्हणाला, "शाबास, धोंडी."

"ती शाबासकी मी घेतली," धोंडीबाई म्हणाली. "मंग म्हातारा गेला. आता तो उठंल, न माझी वही वाचतील."

मी धंदेवाईक माणूस. फट शोधणं हेच माझं काम. म्हटलं, "मावशी, फादरांच्या लोकांनी ही गोष्ट शेटच्या लोकांकडूनच ऐकलेली असेल, तर ती ऐकीव साक्ष. पंच एकच उरतो. एका पंचावर पंचनामा होत नाही."

तिच्या डोळ्यांत जरा जीव आला. "मंग काढ शोध."

मी पोस्टाने बी.ए. करत होतो आणि इतिहासात दोनदा नापास झालो होतो, म्हणजे तोच अभ्यास मी तीनदा केला होता. आम्ही शेणव्याला गेलो. फादर मूळचे वसईचे. नाताळसाठी गोठ्याची आरास मांडत बसले होते. बाळ येशूपुढे तीन ज्ञानी पुरुष उभे होते, त्यातल्या एकाचं नाक उडालेलं.

"हे पूर्वेकडून आले," फादर म्हणाले. "मूळ ग्रीकमध्ये त्यांना मागी म्हटलंय. इराणकडचे पुरोहित असावेत, असं पुष्कळ जण मानतात."

"म्हणजे मिनूशेटचे भाऊबंद?"

"लांबचे."

धोंडीबाईने नाकतुटका उचलून उजेडात धरला. "शेटवानीच दिसतो. निसतं नाक सोडून."

मी सरळच विचारलं, "फादर, शेवटचा न्याय, सैतान, मेलेल्यांचं उठणं, हे तुम्ही पारशांकडून घेतलंत का?"

मला वाटलं, चिडतील. ते खुर्ची ओढून सांगू लागले. ज्यू लोकांना बाबिलोनला धरून नेलं होतं. इराणच्या सायरस राजाने त्यांना घरी जाऊ दिलं. पुढे दोनशे वर्षं त्यांच्यावर इराण्यांचं राज्य. त्याआधीच्या ज्यू लिखाणात मेलेले उठण्याची गोष्ट फारशी नाही, नंतरच्यात आहे. आणि ख्रिस्ती धर्म निघाला तो ज्यूंच्याच घरातून.

"मग घेतलंच की!" मी म्हणालो.

"थांब. त्या लोखंडाच्या नदीचं सविस्तर वर्णन पारशांच्या ज्या ग्रंथात आहे, तो आज आहे तसा लिहिला गेला येशूनंतर आठ-नऊशे वर्षांनी. आतलं किती जुनं, यावर विद्वान अजून भांडतात. काही म्हणतात, दोघांना आपापलं सुचलं."

"निकाल?"

"राखून ठेवलाय. मला विचारशील तर, शेजार होता. दोनशे वर्षं शेजार. नुसतं मीठ मागायला गेलं तरी गप्पा होतातच."

खात्री करायला मी शहापुरात इंटरनेटवर बसलो. 'अखेर विद्वानांचं एकमत झालं की' एवढी ओळ उघडली आणि लाइट गेली. पुन्हा आली तेव्हा ते पान सापडलं नाही. बहुधा नव्हतंच.

उरली गिरजा. विस्तव ज्या चुलीतून आला, तिचा जबाब हवा. आम्ही खर्डीला गेलो. गिरजा अंगणात वाल सोलत होती. मी कागद काढला आणि विचारलं, "त्या दिवशीचा विस्तव तुमच्याकडे कुठून आला?"

"कुठून म्हंजी? हिच्याकडून! आमच्यात काडीपेटी होती कुठं? हिच्या चुलीतला निखारा आणायचा न रोज रातीला राखंत पुरायचा. धसईला जायच्या आधी हीच तर देऊन गेली. इसरलीस का गो?"

"आणि मावशी, तुझी चूल कशावर पेटायची?"

धोंडीबाई हळूच म्हणाली, "शेटच्या दिव्यावं. चिपाड धरायचे न चुलीत घालायचे. काडी कशाला वाया घालवू?"

वाल सोलणं थांबलं. मी लिहिलेलं वाचून दाखवलं: दिव्यावरून चुलीत, चुलीतून गिरजाकडे, गिरजाच्या राखेतून परत दिव्यात.

"म्हंजी इस्तव इझलाच नाय," धोंडीबाई म्हणाली. "निसता शेजारी गेलता."

"तसंच."

"मंग फादरचं न शेटचं पन तसंच असंल. कुनी कुनाचा आनला, पेटल्यावं कोन सांगनार?"

मी म्हटलं, चला, सुटलीस. ऐकीव साक्ष म्हणून प्रकरण निकाली काढू, कोर्ट भरायचंच नाही. तर ती माझ्यावरच उखडली.

"भरायचं नाय कसं? आता तर भराया होवं! शेटला कोन सांगनार मंग? ती शाबासकी माझी हाय, मुडद्या! लिव अर्ज."

मी लिहिला. आलेले अर्ज नोंदवणाऱ्या आवक-बारनिशीच्या कारकुनाने दोनदा वाचला, 'हे कुठल्या खात्यात?' असं विचारलं आणि मला चहा पाजला. शिक्का मारला नाही. अर्ज असा:

प्रति,
मा. न्यायाधीश, अखेरचा निवाडा, यांस,
मार्फत मा. तहसीलदार, शहापूर.

विषय: दोन निवाडे एकत्र चालविण्याबाबत.

महोदय,

अर्जदार धोंडीबाई, मु. शेणवा, हिच्या माहितीप्रमाणे पारशी व ख्रिस्ती अशा दोन्ही बाजूंनी अखेरचा निवाडा होणार असून दोन्हीकडील मजकूर बराचसा सारखा आहे. तो मूळ कोणाचा, हा वाद अर्जदारास चालवावयाचा नाही. मात्र वयोमानाने तिला दोन ठिकाणी हजर राहणे शक्य नाही. सबब दोन्ही निवाडे एकाच दिवशी, भातलावणीचे दिवस सोडून, एसटी जाते अशा ठिकाणी व मराठीतून चालवावेत. साक्षीदार गिरजा हिस गुडघेदुखी असल्याने बाकडे मिळावे. लोखंडाची नदी असल्यास साक्षीदारास तीतून चालणे माफ असावे.

तसेच वही वाचण्यापूर्वी अर्जदारास कै. मिनूशेट यांच्याशी दोन मिनिटे बाजूला बोलू द्यावे, ही नम्र विनंती.