शनिवारचा खड्डा

कॅनडाहून आलेल्या त्या बाईला निकानोर चाब्लेनं आपल्या बहिणीच्या अंगणात जेवायला नेलं. ती चूक होती, हे कळायला त्याला सहा आठवडे लागले.

समुद्रकाठच्या त्या पर्यटनगावात टॅक्सीवाल्यांचा एक अलिखित नियम होता. खरं इथलं जेवण कुठे मिळतं असं पर्यटकानं विचारलं, की त्याला समुद्रकाठच्या, भिंतीवर मोठमोठ्या टोप्या टांगलेल्या हॉटेलात सोडायचं. आपण जिथे जेवतो तिथे न्यायचं नाही. पण या बाईनं तसली तीन हॉटेलं दारातूनच नाकारली. चौथ्यापाशी त्यानं गाडी हळू केली, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या आईनं इथला एक घास तरी खाल्ला असता का?" ते निकानोरला लागलं. शनिवारची सकाळ होती. त्यानं गाडी वळवली.

थोरली बहीण कासिल्दा गावामागच्या वस्तीत राहायची. शुक्रवारी ती डुकराच्या मांसाला शेंदरीच्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस चोळायची, केळीच्या पानांत बांधून तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात ठेवायची आणि वर माती लोटायची. शनिवारी सातला खड्डा उघडायचा. हॉटेलांतल्या सफाईवाल्या, माळी, धोबी मक्याच्या भाकरीत ते मांस गुंडाळून उभ्या उभ्या खायचे आणि कामाला पळायचे. आतल्या खेड्यांत डुक्कर कापलं की मांस मिळेल या खुणेसाठी दारावर तांबडं फडकं लावतात. कासिल्दानं तेही कधी लावलं नव्हतं. ज्यांना कळायला हवं, त्यांना कळत होतं.

बाईनं बोटं चाटून पुसून खाल्लं. नंतर तिनं फोटो आणि नकाशा इंटरनेटवर टाकला. पुढच्या शनिवारी नऊ परदेशी आले, त्याच्या पुढच्या शनिवारी चाळीस. निकानोरनं स्वतः तीन फेऱ्या मारल्या. धोबी आणि माळी रांगेच्या शेवटी थोडा वेळ थांबून उपाशीच कामावर गेले. कासिल्दानं तक्रार केली, तर निकानोर म्हणाला की एवढा हंगाम जाऊ दे, अंगणावर पक्कं छप्पर होईल.

सहाव्या शनिवारी दोन पुरुष आले. ते रांगेत उभे राहिले नाहीत; लोकांनीच सरकून त्यांना वाट दिली. गल्लीत चिखल होता आणि दोघांचे बूट स्वच्छ होते. त्यांच्यातल्या थोरल्यानं दोनदा वाढून घेतलं, वाटणाची तारीफ केली. कासिल्दाची नातवंडं कोणत्या शाळेत जातात, असं त्यानं विचारलं आणि ती सांगायच्या आत स्वतःच शाळेचं नाव सांगितलं. मग हात पुसत, वडीलधाऱ्या बायकांना लावतात ते आदराचं 'दोन्या' लावून तो म्हणाला, "दोन्या कासिल्दा, एवढी गर्दी सांभाळायची तर पाठीशी कुणीतरी हवं. पुढच्या शनिवारी दारावर तांबडं फडकं लावा. आपलं जमलं, असं आम्ही समजू."

याचा अर्थ वस्तीत कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. कोपऱ्यावरच्या शहाळेवाल्यानं गेल्या वर्षी नाही म्हटलं होतं. आता तिथे दुसरा शहाळेवाला होता.

त्यांच्याशी बोलून बघतो, असं निकानोर त्या आठवड्यात म्हणाला. कुणाशी बोलणार, असं कासिल्दानं विचारलं. त्याला त्यांची नावंही ठाऊक नव्हती. मग त्यानं पोलीस चौकीचा विषय काढला.

"चौकीतले दोन पोलीस दर शनिवारी माझ्याकडे जेवतात," ती म्हणाली. "परवा आले होते का?"

शुक्रवारी तिनं नेहमीसारखा खड्डा भरला. निकानोरला वाटलं, बहिणीनं मान्य केलं.

शनिवारी सहाला तो पोचला, तेव्हा फाटकावर तांबडं फडकं होतं. कोरं, घडीच्या खुणा अजून न मोडलेलं. आत चूल थंड होती. खोलीत खाटा रिकाम्या, खुंटीवरची दप्तरं नाहीत. शेजारची फिलोमेना कुंपणापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पहिल्या बसनं गेली. लेक, नातवंडं, सगळी."

"फडकं लावून?"

"ते तिनं नाही लावलं. ती गेल्यावर मोटरसायकल थांबलेली ऐकली मी."

निकानोर खड्ड्यापाशी गेला. मातीच्या भेगांतून वाफ निघत होती, मांसाचा वास सुटला होता. कासिल्दानं खड्डा का भरला, ते आता त्याला कळलं. सात वाजेपर्यंत ती घरातच आहे, असं सगळ्यांना वाटणार होतं. तेवढा वेळ तिनं मिळवला होता. पण सातला कुणी बाहेर आलं नाही, तर ते दोघं शोधायला निघतील. बस एकाच रस्त्यानं आत जाते, आणि चाब्लेंचं गाव कोणतं ते कुणीही सांगेल.

गल्लीत रांग लागायला सुरुवात झाली होती. त्यानं कांदे घेतले आणि चिरायला बसला. फिलोमेना काही न विचारता भाकऱ्या भाजायला आली. सातला त्यानं फावडं उचललं आणि माती बाजूला केली.

दोघं वीस मिनिटांनी आले. थोरला गेल्या वेळच्याच जागी बसला. "दोन्या कुठे आहेत?"

"ताई दमली आहे. यापुढे मी बघणार."

"तुम्ही टॅक्सीवाले ना?"

"होय."

"म्हणजे गिऱ्हाइकंही तुम्हीच आणणार. छान." त्यानं घास घेतला, सावकाश चावला. दुसरा न बसता खोलीच्या दाराकडे बघत होता. आत जाऊन पाहावं की नाही, हे त्याचं अजून ठरलेलं नव्हतं. निकानोरनं त्याच्यापुढेही ताट ठेवलं.

"कांदा जाड चिरलाय," थोरला म्हणाला.

"हाताला सवय नाही."

"होईल, उस्ताद. दर शनिवारी करायचं म्हटल्यावर होईल." त्यानं दुसऱ्याला खुणेनं बसवलं. "ताईंना सांगा, निवांत विश्रांती घ्या. आम्ही त्रास देणार नाही. फक्त तुम्ही एकही शनिवार चुकवू नका."

निकानोरनं मान हलवली आणि पुढची भाकरी उचलली. रांगेतल्या एका मुलीनं फोन उंच धरून फाटकाचा, फडक्याचा आणि त्याचा फोटो काढला.